आरोग्याची लागवड : शेळगाव व परिसरासाठी शिफारशी

पीक : आरोग्य. हंगाम : बारमाही. जमीन : कोणतीही चालते, मात्र घरात कुणीच कुणाचं ऐकत नसेल तर ती चोपण समजावी आणि आधी निचऱ्याची सोय करावी.

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या ज्या कुटुंबांना वेळ नाही, त्यांच्यासाठी ही पत्रिका आहे. ऊस, डाळिंब, द्राक्ष यांच्या अशा पत्रिका इथं घरोघर फडताळात पडलेल्या असतात. कुणी शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रातून आणलेली, कुणी प्रदर्शनातून, कुणाला औषधाच्या दुकानदारानं बाटलीबरोबर दिलेली. आरोग्याची तेवढी नव्हती. वाचून झाल्यावर ही पण फडताळातच ठेवावी.

जमीन व हवामान

शेळगाव इंदापूर तालुक्यात, अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या मधे. मुलूख अवर्षणाचा. सह्याद्री ओलांडून इथवर येईपर्यंत पाऊस दमलेला असतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला आणि १८८० च्या दशकात त्याला पाणी सुटलं. पुढं वालचंदनगर आणि भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी उभी राहिली. पाणी आलं तसा ऊस आला; ऊस आला तशी ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी आणि करडई रानातून बाहेर पडली. जे रानातून गेलं ते पुढच्या पिढीत ताटातूनही गेलं. याला कुणाचा दोष नाही. एकरी पैसा कशात आहे हे शेतकऱ्याला कळतं, आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांवर मुलीचं लग्न होत नाही.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता पूर्वमशागत.

पूर्वमशागत : घरात नेमकं बिझी कोण, हे ठरवणे

नवशिके इथंच चुकतात. ‘आमचं कुटुंब फार बिझी’ असं घरातला जो माणूस सांगतो, तो बहुधा फाट्यावर बसून सांगतो. तात्यांना वेळ नाही, कारण त्यांना तीन ठिकाणी बसायचं असतं. चिरंजीवांना वेळ नाही, कारण मोबाइल चार्जिंगला लावलाय आणि वायर आखूड आहे. सूनबाई पहाटे पाचला उठून धारा काढते, दूध डेअरीला जाईल असं बघते, डबे भरते, पाणी भरते, भाकरी टाकते आणि दहाला खुरपं घेऊन रानात जाते. ‘मी बिझी आहे’ असं ती म्हणत नाही, कारण तिला तसं कुणी विचारलेलं नाही.

आरोग्याचं कोणतंही पुस्तक काढा. ‘ताजं शिजवा, कडधान्यं भिजवून मोड आणा, ताक घुसळा, बाहेरचं टाळा.’ वाक्यं सगळी आज्ञार्थी, कर्ता गाळलेला. तो कर्ता कोण, हे शेळगावात सांगावं लागत नाही. म्हणून या पत्रिकेत प्रत्येक शिफारशीपुढं एक रकाना मोकळा सोडला आहे : ‘करणार कोण?’ तो पेन्सिलनं भरू नये.

खतमात्रा : साखर

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्याकडच्या एका कपात दोन चमचे धरा. कमी धरलेत हे मान्य. पण जिथं साखर पोत्यानं येते आणि दिवाळीला कारखान्याची सभासद साखर वेगळी मिळते, तिथं चमच्यानं मोजणं हेच मुळात कंजूषपणाचं दिसतं. तर तीन कपांत दिवसाचा कोटा संपला. तात्यांचा पहिला कप घरी, दुसरा डेअरीवर, तिसरा सोसायटीत. घड्याळात साडेनऊ.

पुढचा सगळा दिवस पाहुणचाराचा. चहा नाकारणं हे या भागातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि त्याचा सराव टप्प्याटप्प्यानं करावा लागतो. नवशिक्यानं पुढचा संवाद पाठ करावा :

‘च्या घ्या की पाव्हणं.’
‘नको वहिनी, आत्ताच झाला.’
‘आमच्यात कुठं झालाय? अर्धा तरी घ्या.’
‘डॉक्टरनी बंद केलाय. शुगर हाय.’
‘आगं बाई! मग गुळाचा करती.’

इथं बहुतेकांचा पराभव होतो. गुळात थोडी खनिजं असतात, चव निराळी असते. पण उष्मांकांच्या हिशेबात १०० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम साखर यांत नावाला फरक. रक्तात गेल्यावर दोघं एकाच बापाची लेकरं, तो बाप रानात उभा आहे. पुण्याला जाताना रस्त्यावर गुळाच्या चहाच्या पाट्या दिसतात, तिथं लोक तब्येतीसाठी म्हणून दोन-दोन कप घेतात.

संवादात टिकायचं असेल तर ताक मागावं. ताक मागणाऱ्या पाहुण्याचा अपमान झाला असं कुणी मानत नाही. फक्त ताक घरात असत नाही, कारण दूध सकाळीच डेअरीला गेलेलं असतं.

डेअरीवरून आठवलं. गाईच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ आपण दिवसातून दोनदा मोजतो. पॉइंट दोननं फॅट घसरली तर पेंड बदलतो, डॉक्टरला फोन करतो. स्वतःची साखर शेवटची कधी मोजली, हे विचारल्यावर मात्र ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर ठरलेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले : देशात मधुमेही १० कोटींवर, आणि मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते तेव्हा तात्या रानात असतात, आणि रानात गेल्यावर फाट्यावर असतात.

तणनियंत्रण

या विषयावर शेतीची पत्रिका आणि आमची पत्रिका यांचं भांडण आहे.

शेतीच्या पत्रिकेत तण म्हणून जी यादी असते, त्यातली निम्मी नावं आजीच्या कालवणाची आहेत. घोळ, चिघळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू. पावसाळ्यात ही आपोआप उगवतात. बियाणं नको, खत नको, कुणी उधारी मागत नाही. घोळीच्या पानांत ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्लं असतात, ज्यांच्या गोळ्या शहरात पांढऱ्या डब्यांतून विकतात. तांदुळजात लोह आणि कॅल्शियम भरपूर. पाथरी तर शिजवायचीही नाही. बांधावरून उपटायची, धुवायची आणि भाकरीबरोबर कच्ची खायची, जोडीला शेंगदाण्याची चटणी.

आपण करतो काय? उसात टू-फोर-डी मारतो, अ‍ॅट्राझीन मारतो, तण जाळतो. मग मोटरसायकल काढून बारामतीच्या मंडईत जातो आणि फवारणी केलेल्या मेथीच्या दोन जुड्या आणतो. येताना पेट्रोल भरतो.

सावधगिरी : तणनाशक मारलेल्या रानातली घोळ कितीही टवटवीत दिसली तरी खुडू नये. घराशेजारी मोरीच्या पाण्यावर दोन वाफे राखावेत. साबणाचं पाणी वेगळं काढावं. कडेला शेवगा लावावा. एवढं केलं की पालेभाजीचा प्रश्न मिटला. राहिली ती निवडायची कोणी, हा. रकाना भरा.

वाण निवड : दोनदा की दर दोन तासांनी

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्राचे दोन पक्ष पडले होते, आणि त्यात एकही राजकीय नव्हता. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित : कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : आपल्या भागात पिकतं ते खा, तुपाला भिऊ नका, थोड्या-थोड्या वेळानं खा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस कोणत्या गटाचा, हे तो जिलबी नाकारतो कशी यावरून कळायचं.

तात्यांनी दीक्षित निवडले. दोन जेवणांचा नियम त्यांनी काटेकोर पाळला. मधले सहा कप चहा जेवणात येत नाहीत अशी त्यांची समजूत होती. मधल्या वेळेत दूधसाखरेचा चहा चालत नाही, हे त्या पद्धतीतलं पहिलं पथ्य. व्याख्यानात ते सांगितलं तेव्हा चहाला म्हणून ते बाहेर गेले होते.

आमची शिफारस : कोणताही वाण लावा, पण एक हंगाम तरी राखा. गोळ्या-इन्शुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनानं बदलू नयेत. साखर एकदम उतरून माणूस बांधावर पडतो. आधी डॉक्टरला विचारावं. सूनबाई कोणत्या गटात, असं कुणी विचारेल, म्हणून नोंद : ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते. त्या पद्धतीला अजून कुणाचं नाव दिलेलं नाही.

भरडधान्य

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हापासून ज्वारीला मान आला. मोहोळच्या केंद्रानं निवडलेली मालदांडी कैक दशकं या पट्ट्याची शाळू होती, तिला आता शहरात पाकिटावर फोटो मिळाला. ज्वारीच्या लाह्या, चिवडा, नूडल्स, बिस्किटं. बिस्किटाच्या पाकिटामागचा मजकूर चष्मा लावून वाचावा. ज्वारीच्या आधी मैदा किंवा साखर आली असेल तर पाकीट पुन्हा फळीवर ठेवावं. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागतात, हे माहीत असलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही.

घरी परत जायचं तर हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मटकीची उसळ, जवसाची आणि कारळाची चटणी, आंबील. सगळं स्वस्त, सगळं इथलं. आणि जानेवारीतला हुरडा. पण तो आता पर्यटन झालाय, माणशी दर लावून मिळतो.

पाणी व झोप

रात्री दहाला झोपावं, पहाटे उठावं, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला थ्री फेजचं वेळापत्रक कुणी दाखवलेलं नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यात आपण कालव्याच्या शेपटाकडचे; पाळी आली की रात्री दोनलाही दारं धरायला जावं लागतं, नाहीतर वरचा शेजारी पाणी वळवतो. सौर कृषी वाहिनी झाली की दिवसा वीज मिळेल असं आश्वासन आहे. तोवर शिफारस एवढीच : रात्रपाळी झाली त्या दिवशी दुपारी झोपावं आणि लाजू नये.

चालणे

मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत चालावं, अशी शिफारस आहे. बूट घेऊन सुरुवात करू नये. बूट घेतले की चालणं झाल्यासारखं वाटतं.

आपल्या दारावरून चालण्याचा सगळ्यात मोठा वर्ग दरसाल जातो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं रिंगण करून अंथुर्ण्याला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी शेळगाव फाट्यावरून निमगाव केतकीला जाते. सत्तरीच्या मावश्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात, आणि आपण तिशीतली माणसं कडेला उभं राहून त्यांना बिस्किटाचे पुडे वाटतो. पालखी गेली की गाडीला किक मारून चारशे पावलांवरच्या घरी येतो. वारकऱ्यांना देण्यासारखं पाणी आहे, पिठलं-भाकरी आहे, केळी आहेत, पाय चेपून देणारे हात आहेत. क्रीमची बिस्किटं त्या विठ्ठलानं मागितलेली नाहीत.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, मग लगेच पुढं जाऊ. गळीत हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीची माणसं येतात. या पत्रिकेतलं बहुतेक सगळं त्यांच्याकडं असतं. पहाटे तीनला उठणं, उघडी हवा, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, दिवसभर अंगमेहनत, पाकिटातलं काहीही नाही. निसर्गाच्या याहून जवळ राहता येत नाही. आणि बीडकडच्या तोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा आकडा इतका वर गेला की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. भाकरी तीच, विश्रांती नाही, दवाखाना जवळ नाही, आजारी पडलं की खाडा. फक्त सवयींवर आरोग्य पिकतं असं कुणी सांगायला आलं, तर त्याला फडावर घेऊन जावं.

जैविक उपाय : निसर्गोपचार

पुणे जिल्ह्याला या विषयात खरंच घराणं आहे. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला राहिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी उपचार घेतले होते. पण ते शहरात आणि पैसेवाल्यांच्या सोयीचं. खेड्यातल्या गरिबाला परवडेल असं काही हवं म्हणून सोलापूर रस्त्यावरचं हे गाव निवडलं. सकाळी रोगी यायचे आणि त्यांना सांगितलं जायचं ते असं : उन्हात बसा, कटिस्नान घ्या, भरपूर पाणी प्या, ताक-फळं घ्या, रामनाम घ्या. गांधीजी आठवडाभरानं गेले. मागं राहिले बाळकोबा भावे आणि मणिभाई देसाई. विज्ञान शिकलेल्या मणिभाई या तरुण गुजराती माणसानं आश्रम चालवलाच. शिवाय लोकांना दूध-ताक प्या म्हणायचं तर घरात गाय पाहिजे, या विचारानं गाईंच्या कामाला हात घातला. त्यातून १९६७ मध्ये ‘बाएफ’ उभी राहिली. आज तुमच्या गोठ्यात जी संकरित गाय उभी आहे, तिच्या मागं ही साखळी आहे. कटिस्नानाच्या टबातून निघून डेअरीच्या कॅनपर्यंत पोचणारा निसर्गोपचार दुसरीकडं ऐकला नाही.

सध्या निसर्गोपचार म्हणजे मोबाइलवर आलेला काढा. यातही मात्रा लागते. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य धोतऱ्यालाही लागू करून बघावं. करोनाच्या काळात घरोघर गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. त्यांचा वाद ते बघतील. तुमच्या आप्पांची रक्तदाबाची गोळी बंद करून कारल्याचा रस सुरू केला असेल, तर तो आजच थांबवावा आणि गोळी चालू करावी.

प्रात्यक्षिक : एक भाकरी

सगळी पत्रिका विसरलात तरी चालेल, पण घरातल्या प्रत्येक पुरुषानं हे करून बघावं. ‘चपाती नको, भाकरी खा’ असा उपदेश करण्याचा परवाना यानंतर मिळेल.

पीठ ताजं घ्यावं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. दळून दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुकडे पडतात. म्हणून आठवड्याचं दळण, महिन्याचं नको. गिरणीत डबा स्वतः न्यावा, मोटरसायकल आहेच.

परातीत पीठ घ्या, मधे खळगा करा, उकळतं पाणी ओता. हात घालू नका. घातलात? बरं, गार पाण्याखाली धरा. चमच्यानं कालवून निवल्यावर तळहाताच्या मुळानं रगडा. दमलात की मळून झालं असं वाटेल, झालेलं नसतं. कडा चिरल्या तर दोष पिठाचा नाही, मनगटाचा आहे. उंडा करून खाली पीठ पसरा आणि थापा. सूनबाई थापते तेव्हा भाकरी आपोआप गोल फिरते, ते तुमच्या बाबतीत होणार नाही. नकाशातल्या इंदापूर तालुक्यासारखा आकार आला तरी पुढं चला. उचलून पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका, वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकू लागलं की उलटा. दुसरी बाजू भाजली की तवा काढून थेट आचेवर धरा. फुगली तर फोटो काढायला थांबू नका, करपते.

पहिली गाईला द्यावी. ती फॅट कमी देणार नाही. दुसरी स्वतः खावी, सगळी. मग परातीतल्या उरलेल्या पिठाकडं बघावं : सहा माणसांच्या घरात सकाळच्या अशा बारा-पंधरा होतात, संध्याकाळच्या वेगळ्या.

हे चालू असताना सूनबाई ओट्यावर बसली असेल तर तिला बसू द्यावं. ‘पीठ कुठाय’, ‘परात कुठाय’, ‘काडेपेटी कुठाय’ म्हणून आत हाका मारू नयेत. तुमचं लग्न झाल्यापासून त्या वस्तू जागच्या जागी आहेत. मीठ कुठाय, हे तर विचारूच नये. भाकरीत मीठ घालत नाहीत.